थोडक्यात वाचलो म्हणजे नेमकं किती थोडक्यात?

संक्रांतीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतली जनरल शिफ्ट सुटली, मी गाडीवर घरी चाललेलो, निमाणीचा स्टँड मागे पडला आणि हिरावाडीकडे वळल्यावर गळ्याला काहीतरी घासल्यासारखं वाटलं. ब्रेक दाबला, गाडी वाकडीतिकडी होऊन कशीबशी थांबली, बघतो तर नायलॉनचा मांजा. थंडी होती म्हणून मफलर गळ्याला तीन वेढे गुंडाळलेला, त्यातले दोन वेढे साफ कापले गेले होते. तिसरा राहिला होता.

घरी आल्यावर आईने दारातच उभं करून मीठमोहऱ्या ओवाळल्या, वडील म्हणाले थोडक्यात वाचलास, शेजारचे काका म्हणाले काळ आला होता पण वेळ आली नव्हती. हे वाक्य आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. मला मात्र त्या रात्री झोप लागेना, कारण डोक्यात एकच चालू होतं, की वेळ आली नव्हती ती का आली नव्हती?

मी कारखान्यात मेंटेनन्सला आहे, चौदा वर्षं झाली. आमच्याकडे निअर मिसचं कार्ड भरावं लागतं, म्हणजे अपघात होता होता राहिला तर तोही लिहायचा. काय झालं, कुठे झालं, आणि शेवटचा रकाना, कशामुळे वाचलं. नवीन पोरं तिथे हमखास 'नशीब' लिहितात. आमचे आधीचे सेफ्टी ऑफिसर ते कार्ड परत द्यायचे आणि म्हणायचे, नशीब परत मागवता येत नाही, जे परत लावता येईल ते लिहा. मी तेव्हापासून शेवटचा रकाना भरायची सवय लावून घेतलीय, आणि माझ्या लक्षात असं आलंय की 'थोडक्यात' हे मोजता येतं. कधी सेंटिमीटरमध्ये, कधी मिलिअँपिअरमध्ये, कधी मिनिटांमध्ये. तेच आज सोपं करून सांगायचा प्रयत्न करतोय.

आधी मांजाचंच घ्या. साध्या सुती मांजाला ताण आला की तो तुटतो. नायलॉनचा तुटायच्या आधी नुसता ताणतो, आणि वरून त्याला काचेची पूड. धागा एवढा बारीक की सगळा जोर केसाएवढ्या रेषेवर पडतो. सुरी आणि लाटण्यात फरक तेवढाच आहे बघा, हात तोच, जोर तोच, जागा कमी झाली की कापलं जातं. त्यात माझी गाडी ४० च्या स्पीडला, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. एखादी गोष्ट दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत चांगल्या सावध माणसालाही साधारण एक सेकंद जातो, त्या एका सेकंदात ११ मीटर गेलेले असतात, आणि संध्याकाळच्या उजेडात मांजा तर दिसतच नाही, तो गळ्यालाच कळतो. मानेत दोन्ही बाजूंनी मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या कातडीपासून जेमतेम बोटभर आत असतात आणि श्वासनळी तर समोर हाताला लागते. म्हणजे मी ब्रेक दाबला म्हणून वाचलो हे खरं नाही. मी लोकरीच्या एका वेढ्याने वाचलो. माझं 'थोडक्यात' एवढंच होतं.

राष्ट्रीय हरित लवादाने या नायलॉन मांजावर जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातलीय. तरी दर जानेवारीत नाशकात कुणाच्या तरी गळ्याला टाके पडतातच आणि काही घरांत त्याहून वाईट होतं. मी आता डिसेंबरपासूनच जाड मफलर आणि फुल हेल्मेट सोडत नाही, काही जण हँडलला उलट्या यू आकाराची सळई लावतात, गुजरातेत ती सर्रास दिसते, आपल्याकडेही लावायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे.

आता थोडं मागे जाऊन मूळ गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं सगळं पटकन कळेल. विल्यम हॅडन म्हणून एक अमेरिकन डॉक्टर होते, तिथल्या सरकारने १९६६ साली रस्ता सुरक्षेचं खातं काढलं त्याचे ते पहिले प्रमुख. त्यांची मांडणी साधी होती. माणसाला इजा होते ती दोनच प्रकारे, एक तर शरीराला झेपणार नाही एवढी एनर्जी शरीरात शिरते, मग ती धडकेची असो, उष्णतेची असो, विजेची असो, नाहीतर शरीराला जे सतत लागतं ते, म्हणजे मुख्यतः ऑक्सिजन, मिळायचं थांबतं. बस. त्यामुळे वाचलो म्हणजे काय, तर एनर्जी आपल्यापर्यंत पोचली नाही, किंवा पोचली पण पसरून, हळू, दुसऱ्या रस्त्याने गेली, किंवा बंद झालेला ऑक्सिजन वेळेत परत सुरू झाला. प्रत्येक निअर मिसला हा प्रश्न लावून बघा, उत्तर सापडतं.

गाडीवरून पडण्याचं उदाहरण घेऊ. द्वारका चौकात सिग्नल सुटल्यावर किंवा मुंबई नाक्याला वळताना पडलेले लोक आपण सगळ्यांनी पाहिलेत. लोकांना वाटतं स्पीड दीडपट झाला तर मार दीडपट. तसं नसतं, स्पीडचा वर्ग होतो. ४० च्या स्पीडने भिंतीवर आदळणं म्हणजे साधारण ६ मीटरवरून, दोन मजल्यांवरून पडण्यासारखं. ६० चा स्पीड म्हणजे १४ मीटर, जवळजवळ पाच मजले. काट्यावर फक्त २० वाढले आणि तीन मजले चढले! दुसऱ्या मजल्याच्या गच्चीच्या कडेला उभं राहायला आपल्याला भीती वाटते, पण गंगापूर रोडला ६० ने जाताना काहीच वाटत नाही, कारण खाली बघायला दरी नसते.

पण नुसती उंची मारत नाही, थांबणं मारतं. त्याचा एक सोपा हिशोब आहे, तो मला फार आवडतो कारण त्याला कॅल्क्युलेटरही लागत नाही. जेवढ्या उंचीवरून पडलात, भागिले जेवढ्या अंतरात थांबलात, तेवढ्या पट तुमचं वजन त्या क्षणी तुमच्यावर येतं. समजा गाडी उभीच आहे, सिग्नलला पाय घसरला आणि माणूस आडवा झाला, डोकं दीड मीटरवरून खाली आलं. डांबरावर उघडं डोकं आपटलं तर ते दोन-तीन मिलिमीटरमध्ये थांबतं. दीड मीटर भागिले तीन मिलिमीटर, पाचशे. म्हणजे डोक्यावर डोक्याच्याच वजनाच्या पाचशे पट मार. आता हेल्मेट घातलंय, त्याच्या आतला थर्मोकोल अडीच सेंटिमीटर चेपला, म्हणजे डोकं अडीच सेंटिमीटरमध्ये थांबलं, तर उत्तर येतं साठ. पाचशेचे साठ झाले, कशाने तर अडीच सेंटिमीटर थर्मोकोलने. हेल्मेटचं कडक कवच आपण टिचक्या मारून बघतो, पण जीव वाचवतो तो आतला पांढरा थर्मोकोल. आणि तो एकदाच चेपतो, परत फुगत नाही, म्हणून जोरात पडलेलं हेल्मेट वरून कितीही चांगलं दिसलं तरी बदलायचं. पट्टा लावलेला नसेल तर ते आधीच उडून जातं, मग पाचशेचे पाचशेच. घ्यायचं तर त्यावर आयएसआय मार्क आणि आयएस ४१५१ हा नंबर बघून घ्या.

कारमधल्या बेल्टचं आणि एअरबॅगचंही हेच, थांबायला जास्त अंतर देणं. पुढचा पत्रा चुरगळतो आणि लोक म्हणतात आताच्या गाड्या कागदाच्या, आधीच्या कशा भक्कम होत्या. पत्रा चुरगळला म्हणून आतला माणूस नाही चुरगळला हो.

आता माझ्या खात्यातलं, करंटचं. इथे मी जरा जास्त बोलणार.

सिडकोत माझी मावशी राहते. सकाळी नळाला पाणी आलं की सगळ्यांच्या मोटरी सुरू होतात, तशी तिनेही लावली, ओला हात मोटरला लागला आणि ती मागे फेकली गेली. तिचं म्हणणं, करंटने मला ढकललं. शेजारचीचं म्हणणं, नशीब, माझ्या जावेला तर चिकटवून ठेवलं होतं. करंट ढकलतही नाही आणि ओढतही नाही. आपले स्नायू विजेवरच चालतात, मेंदू त्यांना छोटे छोटे सिग्नल देतो. बाहेरून करंट आला की तो सिग्नल असल्यासारखा सगळे स्नायू एकदम आवळतो. पाठीचे, पायाचे मोठे स्नायू आवळले की माणूस उडतो. आणि तळहाताने धरलेलं असेल तर मूठ आवळते, कारण बोटं मिटणारे स्नायू बोटं उघडणाऱ्यांपेक्षा ताकदवान असतात, म्हणून माणूस सोडायचं म्हटलं तरी सोडू शकत नाही, यालाच आपण चिकटला म्हणतो.

आता आकडे बघा. घरात २३० व्होल्ट. कोरड्या कातडीचा विरोध हजारो ओहम, कधी लाखाच्या घरात. ओली कातडी झाली की पूर्ण शरीराचा मिळून विरोध हजार ओहमच्या आसपास येतो. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर, म्हणजेच २३० मिलिअँपिअर. हे जास्त की कमी? १ मिलिअँपिअरला मुंग्या येतात. १० च्या पुढे मूठ सुटत नाही. ३० छातीतून जरा वेळ गेले तर श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात. १०० च्या आसपास हृदय ठोके द्यायचं सोडून नुसतं थरथरायला लागतं, आणि थरथरणारं हृदय रक्त ढकलत नाही. म्हणजे ओल्या हाताने, अनवाणी, ओल्या फरशीवर उभं राहून जो शॉक बसतो तो मारायला पुरेसा असतो, त्यात नशिबाला फार जागा नसते.

मग मावशी कशी वाचली? मी गेलो, मीटर लावून बघितलं, मोटरच्या बॉडीवर पूर्ण करंट उतरलेला. थ्री पिनच्या जागी कुणीतरी टू पिन लावून दिलेली, म्हणजे अर्थिंग, गळणारा करंट जमिनीत नेणारी तार, गायब. तिच्या पायात रबरी चप्पल होती. ती घरात कधी चप्पल घालत नाही, पण टाच दुखत होती म्हणून डॉक्टरांनी घरातही मऊ चप्पल घालायला सांगितली होती, आठच दिवस झाले होते. रबराने वाट जवळजवळ बंद केली, थोडा करंट ओल्या पट्ट्यावरून गेला असणार, तेवढ्याने ती उडली. तिचं 'थोडक्यात' म्हणजे एक सेंटिमीटर रबर.

तिचा मुलगा म्हणाला, पण आपल्याकडे एमसीबी आहे ना, तो पडला कसा नाही? हा गैरसमज मला घरोघरी भेटतो आणि दर वेळी जीव तुटतो. एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, वायर जळू नये म्हणून असतो. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअर, आणि माणूस जातो शंभरात. माणूस चिकटून मेला तरी एमसीबीला काही कळत नाही, त्याच्या दृष्टीने तो एक छोटा बल्ब लागलाय. माणसासाठी असतो तो आरसीसीबी, इलेक्ट्रिशियन ज्याला अजून सवयीने ईएलसीबी म्हणतात. तो काय करतो, फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का एवढंच सतत बघतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की समजतो हा कुठूनतरी, कदाचित माणसातून, जमिनीत जातोय, आणि सेकंदाच्या तिसऱ्या भागाच्या आत, गळती मोठी असेल तर त्याहून कितीतरी लवकर, लाईन तोडतो. हृदयाचा एक ठोका साधारण ०.८ सेकंदाचा, म्हणजे पुढचा ठोका यायच्या आधी काम झालेलं असतं. त्याच्यावर एक छोटं टेस्टचं बटन असतं, महिन्यातून एकदा दाबायचं, लाईट गेली पाहिजे. नाही गेली तर तो भिंतीवर नुसता लटकलाय. मावशीकडे त्याच रविवारी लावला, अर्थिंगही नीट करून घेतलं.

आणि कुणी चिकटलेला दिसला तर धावत जाऊन धरू नका, एकाचे दोन होतात. मेन स्विच पाडा, ते जमत नसेल तर कोरडी काठी, प्लास्टिकची खुर्ची, काहीही कोरडं. सुटल्यावर श्वास चालू नसेल तर छातीच्या मधोमध जोरात दाबत राहायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाचेक सेंटिमीटर खोल, १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवून. मेंदू ऑक्सिजनशिवाय चार-पाच मिनिटंच तग धरतो.

ऑक्सिजनवरून गॅस गिझर. नाशिकची थंडी सांगायला नको, निफाडचा पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो, आणि थंडीत आपण बाथरूमची खिडकी गच्च लावून घेतो. आमच्या लाईनवरच्या एका मित्राची पुतणी, कॉलेजला जाणारी, आंघोळीला गेली आणि बराच वेळ पाण्याचा आवाज एकसारखा येत राहिला. बादली हलल्याचा, मगाचा काही आवाज नाही. तिच्या आजीला ते खटकलं. दरवाजा ठोठावला, उत्तर नाही, कडी आधीपासूनच सैल होती, दोन धक्क्यांत उघडली. मुलगी खाली पडलेली. गिझरची ज्योत बंद खोलीत हवा खात राहते, हवा कमी पडली की अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट धरतं, म्हणजे थोडासा वायूही सगळ्या जागा अडवून बसतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅसला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून, पण जळून तयार झालेल्या या वायूला तो नसतो, त्यामुळे 'वास नाही येत, म्हणजे गॅस लीक नाही' हा धीर इथे उपयोगाचा नाही. डोकं जड होतं, मळमळतं, आणि काहीतरी बिनसलंय हे कळेपर्यंत पायातली ताकद गेलेली असते, कडीपर्यंत हात पोचत नाही.

यात अजून एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. कोरोनापासून प्रत्येक घरात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. त्या मुलीला शुद्ध आल्यावर घरच्यांनी तो लावला, ९८ आलं, सगळे म्हणाले झालं, ठीक आहे. तो ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडने भरलेल्या रक्तालाही ऑक्सिजनचं रक्त समजतो, त्याला फरक ओळखता येत नाही. साध्या हवेत हा वायू अर्धा उतरायला चार-पाच तास लागतात, मास्कने पूर्ण ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास. म्हणून दवाखान्यात न्यायचंच. त्यांनी नेलं, आजीच्या हट्टाने. मुलगी आता बरी आहे, गिझर बाहेर गॅलरीत गेलाय. कशामुळे वाचलं, या रकान्यात मी लिहीन, सैल कडी आणि कान देऊन ऐकणारी आजी.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की आपण पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी लागलं ते बघायला जातो, मीही जातो, ती नाशिककरांची पट्टीच आहे. पण आपण उंची बघतो आणि वेग विसरतो. धरणातून १००० क्युसेक सोडले म्हणजे सेकंदाला २८ हजार लिटर, २८ टन वजन दर सेकंदाला पुढे सरकतंय. वेगाने वाहणारं पाणी घोट्याच्या थोडं वर असलं तरी मोठ्या माणसाचा पाय उचलू शकतं, आणि दोन फूट झालं तर कार तरंगते. सेल्फीसाठी पायरीवर उतरणाऱ्या पोरांना मी नेहमी ओरडतो. बुडणारा माणूस हात हलवून वाचवा वाचवा करत नाही, तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, श्वास घेण्यातच सगळा वेळ जातो, आवाज काढायला हवाच उरत नाही. लहान मूल पाण्यात एकदम गप्प झालं तर तेच पळत जायचं कारण आहे.

आता वाचल्यानंतर काय होतं ते. मांजा लागला तेव्हा मला ते सगळं स्लो मोशनमध्ये झाल्यासारखं आठवतं, समोरच्या रिक्षाच्या मागे काय लिहिलं होतं तेसुद्धा. हे बऱ्याच जणांना होतं. आल्बर्ट हाइम नावाचे स्विस भूगर्भशास्त्रज्ञ स्वतः आल्प्समध्ये पडून वाचले होते, त्यांनी असे पडून वाचलेल्या गिर्यारोहकांचे अनुभव गोळा करून १८९२ मध्ये लिहिले, त्यातही हेच, वेळ लांबला, विचार लख्ख झाले, भीती वाटली नाही. मग २००७ मध्ये अमेरिकेत डेव्हिड ईगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना ३१ मीटरवरून जाळीत पडायला लावलं, मनगटावर झरझर बदलणारे आकडे दाखवणारं यंत्र बांधून. वेळ खरंच संथ होत असती तर ते आकडे वाचता आले असते. नाही वाचता आले. पण आपण किती वेळ पडत होतो असं विचारल्यावर लोकांनी खऱ्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वेळ सांगितला. म्हणजे त्या क्षणी जादा वेळ मिळत नाही, मेंदू फक्त जास्त दाट आठवण साठवतो, आणि मागे वळून बघताना ती लांब वाटते. माझ्यासाठी याचा अर्थ एवढाच, की त्या क्षणी मी काहीतरी करीन यावर भिस्त ठेवता येत नाही. जे करायचं ते मफलर गुंडाळताना, पट्टा लावताना, बटन दाबताना.

आणि त्याच क्षणी शरीर दुखणंही दाबून टाकतं. अॅड्रिनलीन चढलेलं असतं, माणूस उठतो, कपडे झटकतो, काही नाही लागलं म्हणतो. हे वाक्य मला सगळ्यात जास्त घाबरवतं. आमच्यातला एक जण अंबड लिंक रोडला अॅक्टिव्हावरून घसरला, हेल्मेट आरशाला अडकवलेलं, डोक्याची बाजू आपटली, दोन मिनिटं गुंगल्यासारखं झालं, मग उठला, टपरीवर चहा घेतला, स्वतः गाडी चालवत घरी गेला. संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणून पडला. रात्री दोनदा उलटी झाली आणि तो झोपायलाच मागत होता. घरचे म्हणत होते झोपू दे, थकलाय. वहिनी ऐकेनात, रिक्षा करून घेऊन गेल्या. सीटी स्कॅनमध्ये कवटी आणि मेंदूवरच्या आवरणामध्ये रक्त साचलेलं, रात्रीच ऑपरेशन. कानशिलापाशी हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते, हाडाला तडा गेला की ती फाटते, रक्त हळूहळू साचतं, आणि मधल्या काही तासांत माणूस अगदी नॉर्मल बोलतो. डॉक्टरांना हा मधला चांगला काळ पाठ असतो, घरच्यांना माहीत नसतो. म्हणून डोकं आपटल्यावर पहिला दिवसभर तरी कुणीतरी सोबत हवं. डोकेदुखी वाढत जाणं, परत परत उलटी, जास्त झोप, बोलणं अडखळणं, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणं, नाकाकानातून पाणी येणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही.

पोटाचंही असंच आहे. हँडल डाव्या बरगडीखाली लागलं तर प्लीहेतून आत रक्त जाऊ शकतं, वरून साधा ओरखडा दिसतो. अंगात साधारण पाच लिटर रक्त, त्यातलं पाऊण लिटर गेलं तरी तरुण माणसाची नाडी आणि बीपी जवळजवळ जागेवर असतात, शरीर सांभाळून घेत असतं, आणि मग एकदम सोडून देतं. रस्त्यात पडलेल्याला दवाखान्यात नेताना पोलीस मागे लागतील अशी भीती अजून आहे, तर २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीत कलम १३४ अ आहे, चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला त्यामुळे संरक्षण आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही.

शेवटी ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती. कारखान्यात सेफ्टीच्या ट्रेनिंगला एक त्रिकोण दाखवतात, अमेरिकन विमा कंपनीतल्या हर्बर्ट हाइनरिकने १९३१ मध्ये मांडलेला, एका मोठ्या इजेमागे २९ छोट्या इजा आणि ३०० इजा न झालेल्या घटना. ते आकडे आता कुणी शब्दशः धरत नाही आणि मीही धरत नाही, पण मोठा अपघात होण्याआधी बऱ्याचदा तोच अपघात न लागता होऊन गेलेला असतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. अडचण अशी की न लागता गेलेला अपघात माणसाला दोन उलट गोष्टी शिकवू शकतो. एक, हे धोक्याचं आहे. दुसरी, बघा काही होत नाही. दुसरी जास्त सोपी असते. कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होत्या ते १ फेब्रुवारी २००३ ला परतताना तुटलं, कारण उड्डाणाच्या वेळी टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाला लागला होता. फोम सुटणं नवीन नव्हतं, आधीच्या उड्डाणांतही सुटला होता, यान सुखरूप परत यायचं, आणि हळूहळू ती दुरुस्तीच्या यादीतली एक नेहमीची गोष्ट झाली. एवढी हुशार माणसं, एवढी तपासणी, तरी. मावशीच्या मोटरलाही महिनाभरापूर्वी झिणझिण्या आल्या होत्या, तिने तेव्हा सांगितलंच नाही.

संक्रांतीनंतर मी घरी एक दोनशे पानी वही आणली आणि फ्रीजवर ठेवली, पेन दोरीने बांधून. आधी सगळे म्हणाले घरात कंपनी कशाला आणतोस. पहिलं पान मीच लिहिलं, मांजा, हिरावाडी, मफलरचा तिसरा वेढा. मग मुलीने लिहिलं, शाळेच्या रिक्षाचं दार मधेच उघडलं, मैत्रिणीने दप्तर धरलं होतं. मी दुसऱ्या दिवशी रिक्षावाल्या भाऊंशी बोललो, कडी बदलली. बरेच दिवस वही तशीच पडली. गेल्या आठवड्यात आईचं अक्षर दिसलं, तिने मला काहीच सांगितलं नव्हतं. 'दूध ठेवून डोळा लागला. उतू जाऊन गॅस विझला. वासाने जाग आली. खिडकी उघडी होती.' कशामुळे वाचलं, तिथे तिने दोनदा लिहून खोडलंय, आणि मग लिहिलंय, खिडकी.

स्वयंपाकघराची ती खिडकी डासांमुळे मी त्याच आठवड्यात बंद करून टाकणार होतो. आता जाळी बसवून घेतोय, सुतार गुरुवारी येणार आहे.